एमायेची वही : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर 2024 ते जानेवारी 2025

3 सप्टेंबर 2024, सिल्व्हर स्प्रिंग, मेरिलँड

आई अदिस अबाबाची, लेक शाळेच्या वयापासून अमेरिकेत. इथियोपियन नववर्षाच्या (11 सप्टेंबर) सुमारापासून तिथल्या नाताळापर्यंत, म्हणजे गेन्नापर्यंत (7 जानेवारी), आई लेकीकडे राहणार आहे. या मुदतीत घरचा इंजेरा (तेफ या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी), बर्बेरे (तिखट मसाला), नितिर किबे (मसाल्याचं तूप), दोरो वोत (कोंबडीचा रस्सा), कॉफीचा सोहळा आणि फिदेल (अम्हारिक भाषेची) लिपी लेकीच्या हाती यायला हवी. शिवाय तिच्याजवळ एक वही राहायला हवी. लेक आईला ‘एमाये’ म्हणते, म्हणून माझ्या या नोंदींतही एमायेच.

वहीत दर पदार्थाला चार रकाने: हाताचं माप (मूठ, चिमूट, ओंजळ), वजन, खूण, आणि खूण दिसली नाही तर काय करायचं. यातला तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. अदिस अबाबा सुमारे 2,350 मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी साधारण 92 अंशांना उकळतं. इथे जवळजवळ 100 अंश. पीठ वेगळं, कांदा वेगळा, लोणी वेगळं. तिथली मिनिटं आणि वाट्या इथे तशाच्या तशा लागू पडत नाहीत. पण आंबवणाचा वास, कांद्याचा आवाज, पिठावरचा फेस दोन्हीकडे तोच. खूण ओळखता आली की लेक माप स्वतः बदलू शकेल.

वजन घेण्याची रीत: एमायेला ‘किती?’ असं विचारायचं नाही. विचारलं की हात थबकतो आणि अंदाजाने आकडा सांगितला जातो. डबा आधी तोलायचा, तिला हवं तेवढं घेऊ द्यायचं, डबा पुन्हा तोलायचा. फरक म्हणजे वजन. त्यासाठी 5 किलोचा एक काटा आणि मसाल्यांसाठी 0.1 ग्रॅमचा दुसरा. शिवाय सुईचा थर्मामीटर.

वेळेची काळजी वेगळी घ्यावी लागते. इथियोपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे 7 म्हणजे तिथला 1. एमाये ‘तीन वाजता भिजवलं’ म्हणाली तर ते सकाळचे 9. आंबवणाच्या नोंदीत 6 तासांची गफलत म्हणजे घाणा पुरा वाया. म्हणून दर नोंदीत दोन्ही घड्याळं लिहायची. तारखेचंही तसंच.

6 सप्टेंबर

सामानाची जुळवाजुळव.

तवा: तिकडचा विजेचा मिताद 220 व्होल्टचा, साधारण साडेतीन किलोवॉटचा. इथे भिंतीच्या साध्या प्लगला 120 व्होल्ट. तोच मिताद इथे लावला तर जेमतेम 1 किलोवॉट उष्णता देईल आणि इंजेरा भाजण्याऐवजी सुकेल. अमेरिकेतल्या इथियोपियन घरांनी यावर फार पूर्वीच तोड काढली आहे: नॉर्वेजियन लोकांच्या लेफ्से नावाच्या बटाट्याच्या पातळ पोळीसाठी इथे बनणारा 16 इंची, म्हणजे सुमारे 40 सेंटिमीटरचा, विजेचा सपाट तवा. तोच घेतला. इंजेरा तिकडच्यापेक्षा लहान होतो, पण उष्णता सगळीकडे सारखी लागते. झाकण उंच घुमटाचं हवं. सपाट झाकणाला साचलेलं वाफेचं पाणी थेंबाथेंबाने इंजेरावर पडतं आणि तिथे चट्टे उठतात.

तेफ: 2006 साली इथियोपियाने तेफचे दाणे आणि पीठ बाहेर पाठवायला बंदी घातली, देशातले भाव आवाक्यात राहावेत म्हणून. 2015 मध्ये ती थोडी सैल झाली. भाजलेला इंजेरा मात्र विमानाने वॉशिंग्टनला येतो. पीठ बहुतेक अमेरिकेतच पिकलेल्या तेफचं मिळतं. आयडाहोमध्ये वेन कार्लसन यांनी 1980 च्या दशकात ही शेती सुरू केली. पिशवीवर ‘100 टक्के तेफ’ आहे ना ते पाहायचं. बरीच पिठं गहू किंवा जव मिसळलेली असतात, ती लवकर फुगतात आणि आंबट होण्याआधीच भाजली जातात. आम्ही 2 भाग पांढरा तेफ आणि 1 भाग तांबडा असं घेतलं. तांबड्याला चव जास्त, पांढऱ्याला लवचीकपणा.

पेटंटची गोष्ट इथे नोंदवायला हवी. तेफच्या पिठावर एका डच कंपनीने युरोपात पेटंट मिळवलं होतं; हेगच्या न्यायालयाने 2018 मध्ये ते नेदरलँड्सपुरतं रद्द ठरवलं. हजारो वर्षं बायकांच्या हाती असलेल्या धान्यावर कुणी मालकी सांगू शकतो, ही साधी बाब नाही. घरची पद्धत तारखेनिशी लिहून ठेवायला हेही एक कारण आहे.

मसाले: एमायेने आणलेले कोरेरिमा (इथियोपियन वेलची), कोसेरेत (तुपात घालायचा सुगंधी पाला), बेसोबेला (तुळशीच्या जातीचा पाला) आणि तेना अदाम (सताप) सुके, सीलबंद, विमानतळावर जाहीर केलेले. बाकीचं इथल्या भारतीय दुकानात मिळालं: नेच अझमुद म्हणजे ओवा, तिकुर अझमुद म्हणजे कलौंजी, अबिश म्हणजे मेथीदाणे, दिंबिलाल म्हणजे धने. कोरेरिमाऐवजी हिरवी वेलची चालत नाही; ती गोडसर सुगंधी, कोरेरिमा उष्ण आणि किंचित कापरी. मसाला वेलचीला धुराचा वास असतो, तीही नाही. कोरेरिमा संपला तर तो घालायचाच नाही, असं एमायेचं स्पष्ट मत.

8 सप्टेंबर

इर्शो, म्हणजे इंजेराचं विरजण, नव्याने सुरू केलं. ओळखीच्या घरून आयतं मिळालं असतं. पण पुढे कधी ते मेलं तर लेकीला शून्यापासून उभं करता यायला हवं.

200 ग्रॅम तेफचं पीठ, 320 मिली पाणी, हाताने मळून काचेच्या बरणीत, वर सैल झाकण. खोली 22 अंश. पाण्याचं बघावं लागतं: नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या भांड्यात रात्रभर ठेवलं की उडतो, क्लोरामाइन उडत नाही, त्याला कोळशाचा फिल्टर लागतो. दोन्ही कोवळ्या इर्शोला मारक. रोज वरचं पाणी काढून तितकंच ताजं पाणी आणि 2 चमचे पीठ.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाण वास येतो आणि जोराने बुडबुडे येतात. इथेच बहुतेक जण फेकून देतात. ते अजून विरजण नाही. आधी नको ते जीव वाढतात, मग आंबटपणा वाढला की मरतात. पाचव्या ते सातव्या दिवशी वास स्वच्छ आंबट होतो आणि वर पिवळसर पाणी जमतं. ते पाणी म्हणजे इर्शो.

बाजारचं यीस्ट घालायचं नाही. फेस तासाभरात येतो, पण आंबटपणा येत नाही, आणि असा इंजेरा दुसऱ्या दिवशी कोरडा पडून फाटतो.

11 सप्टेंबर, 1 मस्करम 2017

एन्कुताताश, नववर्ष. इथियोपियन पंचांगात 13 महिने: 12 महिने 30 दिवसांचे आणि शेवटचा पागुमे 5 किंवा 6 दिवसांचा. आज बुधवार, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरात बुधवार-शुक्रवार मांस, अंडं, दूध बंद. म्हणून विकतचा इंजेरा, मसूर आणि पालेभाजी. तिकडे या दिवसांत अदेय अबेबा नावाची पिवळी फुलं माळरानावर फुलतात आणि मुली ती दारोदार वाटत गातात. इथे तीच फुलं नाहीत. त्याच कुळातली पिवळी रानफुलं मेरिलँडच्या रस्त्याकडेला सप्टेंबरात दिसतात, ती आणली.

15 सप्टेंबर

इर्शो तयार. पीठ भिजवलं: 1 किलो तेफ, 1.6 लिटर पाणी, 160 मिली इर्शो. पीठ आधी दोनदा चाळायचं, मग थोड्या पाण्यात घट्ट मळायचं आणि गुठळी राहिली नाही की उरलेलं पाणी. सगळं पाणी एकदम ओतलं तर तेफच्या बारीक गुठळ्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. मळणं हातानेच, 10 मिनिटं.

भांड्याला तिकडे बुहाका म्हणतात. ते साबणाने घासून लख्ख करायचं नसतं. कडेला चिकटलेल्या थरात पुढच्या घाण्याचं आंबवण असतं. पाण्याने खळखळून उपडं ठेवायचं, बस. डिशवॉशरमधून काढलेल्या भांड्यात दर वेळी इर्शोला पहिल्यापासून झगडावं लागतं. लेकीने इंजेरासाठी एक भांडं वेगळं राखून त्यावर तशी चिठ्ठी लावली आहे.

18 सप्टेंबर

भाजणी. ही नोंद मोठी आहे, कारण इंजेरा इथेच साधतो किंवा बिघडतो.

सकाळी 8 (त्यांचे 2): वर आलेलं पिवळं पाणी काढलं. त्यातलं 200 मिली बाटलीत, फ्रिजमध्ये, पुढच्या घाण्याचं इर्शो. बाकी ओतून दिलं. ते आत ठेवलं तर इंजेरा कडवट होतो. खालचं पीठ चमच्याला दाट चिकटतं.

त्यातलं 250 ग्रॅम पीठ वेगळं काढून 750 मिली पाण्यात कालवलं आणि मंद आचेवर ढवळत शिजवलं. हा आब्सित. 6-7 मिनिटांत खळीसारखा चकचकीत, दाट होतो. इंजेराची जाळी आणि लवचीकपणा याच पायरीवर ठरतो: तेफमध्ये ग्लुटेन नाही, वायू धरून ठेवायला शिजलेलं पिष्टच (स्टार्च) लागतं. आब्सित कोमट, 45 अंशांपर्यंत निवू द्यायचा आणि मग मूळ पिठात. गरम ओतला तर आंबवण मरतं. पूर्ण थंड केला तर गोळा बनतो आणि मिसळत नाही.

मग दीड तास झाकून. खूण: पीठ वर चढतं, फेसाने भरतं आणि नंतर थोडं बसतं. भाजायला घ्यायचं ते बसल्यावर. चढत असताना भाजलं तर भोकं मोठी आणि वेडीवाकडी पडतात.

तवा 215 अंश. वाटलेल्या मोहरीवर्गीय बियांची (गोमेन झेर) पूड चोळून फडक्याने पुसायची, तेल नाही. तेलाने जाळी बुजते. 330 मिली पीठ, कडेपासून मध्याकडे गोल फिरवत, हात न थांबवता. 20 सेकंदांत भोकं पडायला लागतात. भोकांनी सगळा पृष्ठभाग व्यापला आणि ओली चमक अर्धी गेली की झाकण. दीड ते दोन मिनिटं. कडा आपोआप सुटून वर येते, तेव्हा सेफेद (विणलेली सपाट पाटी) खाली सरकवून काढायचा. उलटायचा नाही.

काय बिघडतं आणि का:

भोकंच पडत नाहीत. तवा थंड, किंवा पीठ दाट. थेंब टाकून पाहा: तो तडतडून लगेच पसरला पाहिजे. तवा ठीक असेल तर 50 मिली कोमट पाणी घाला. तरी नाही, तर आंबवण अपुरं, तासभर थांबा.

भोकं मध्ये आहेत, कडेला नाहीत. कडेचं पीठ आधी पडतं आणि मध्य होईस्तोवर तिथे कातडी धरते. ओतणं जलद करा.

घडी घालताना फाटतो. आब्सित कमी किंवा कच्चा, नाहीतर झाकण उशिरा ठेवलं.

बुडाला चिकट, रबरासारखा. झाकण लवकर ठेवलं, वाफ आत कोंडली.

तव्याला चिकटतो. नव्या तव्यावर पहिले एक-दोन चिकटतातच. ते खरवडून पुन्हा पूड चोळायची.

काढलेले इंजेरे एकेक पसरून निववायचे आणि मगच रास. गरम रचले तर वाफेने एकमेकांना डकतात. बाहेर 3 दिवस, पुढे बुरशी. गोठवायचे तर मध्ये कागद घालून, चौघडी करून.

एमायेचा पहिला इंजेरा आणि लेकीचा पहिला, दोन्ही उजेडासमोर धरून फोटो काढले. जाळीचा फरक असा जितका कळतो तितका वर्णनाने कळत नाही. वहीत हे फोटो चिकटवले, खाली तव्याचं तापमान.

27 सप्टेंबर, 17 मस्करम

मस्कल, क्रूसाचा सण. आदल्या संध्याकाळी देमेरा, म्हणजे लाकडांची होळी. इथल्या समाजाने मोकळ्या मैदानात अग्निशमन परवान्यासह केली. घरी फक्त इंजेरा आणि भाज्या, शुक्रवार आहे.

6 ऑक्टोबर

बर्बेरे. तिकडे हे पावसाळा संपल्यावर अंगणात, शेजारणींसह होतं. इथे अंगण नाही आणि ऊन तिरपं, कमजोर.

तिकडची माराको मिरची इथे सहज मिळत नाही. रंगासाठी ब्याडगी 700 ग्रॅम आणि तिखटपणासाठी गुंटूर 300 ग्रॅम हे मिश्रण एमायेने हातावर चोळून, चाखून पसंत केलं. निव्वळ काश्मिरी मिरचीने रंग येतो, पण वोत फिका लागतो.

1 किलो मिरचीला: लसूण 150, आलं 100, लहान लाल कांदे 200, बेसोबेला 30, तेना अदामच्या बिया 15, कोरेरिमा (सोललेले दाणे) 40, ओवा 30, कलौंजी 20, मेथी 20, धने 30, लवंग 5, दालचिनी 8, मीठ 100. सगळं ग्रॅममध्ये.

क्रम: देठ काढलेली मिरची जाडसर कुटायची. लसूण, आलं, कांदा, बेसोबेला, तेना अदाम ओले कुटून तिच्यात कालवायचे. हा ओला गोळा तिकडे 2-3 दिवस झाकून मुरवतात, कोरड्या हवेत. इथे ऑक्टोबरात घरातला दमटपणा जास्त, म्हणून एकच रात्र, आणि तीही फ्रिजमध्ये. बाहेर ठेवलेल्या गोळ्यावर पांढरी बुरशी धरू शकते. तसं झालं तर वरचा भाग काढून उरलेला वापरायचा नाही, सगळा टाकायचा.

8 ऑक्टोबर

वाळवणी. वाळवणीच्या यंत्रात 57 अंश, 14 तास. खूण: मिरचीची पाकळी वाकत नाही, मोडते, लसणाचा तुकडा दाबला तर चुरा होतो. बाहेरून कोरडा आणि आत ओला लसूण राहिला तर दळलेला मसाला महिन्याभरात गुठळ्या धरतो.

मग भाजणं. मिरचीचं मिश्रण मंद आचेवर, खिडक्या उघड्या, 8-10 मिनिटं, रंग एक छटा गडद होईपर्यंत. सुके मसाले वेगळे, एकेक, कारण प्रत्येकाचा जळायचा क्षण निराळा: मेथी सर्वांत आधी कडू होते, धने सर्वांत उशिरा. मीठसुद्धा भाजायचं, त्यातली ओल जावी म्हणून.

दळण घरच्या मिक्सरवर, थोडं-थोडं, मध्ये भांडं निववत. भांडं तापलं की मसाल्याचं तेल सुटतं आणि पीठ चिकटतं. दोनदा चाळलं. बर्बेरे लगेच वापरायचा नाही. 2-3 आठवडे बंद बरणीत ठेवला की लसणाचा उग्रपणा उतरतो.

2 नोव्हेंबर

नितिर किबे. एमायेच्या घरी लोणी ताकाचं, म्हणजे दूध आंबवून घुसळलेलं. अमेरिकन बाजारात बहुतेक लोणी गोड सायीचं, त्याला ती आंबट धार नसते. पाकिटावर लोणी आंबवलेल्या सायीचं आहे असं लिहिलेलं शोधायचं. महाराष्ट्रात विरजणाच्या लोण्याचं तूप कढवणाऱ्याला हा फरक लगेच कळेल.

1 किलो बिनमिठाचं लोणी मंद आचेवर वितळवलं, फेस काढला. त्यात लहान कांदा 60, लसूण 30, आलं 20 (सगळं चिरून), कोरेरिमा 8 (ठेचून), कोसेरेत 8, बेसोबेला 4, मेथी 3, ओवा 2, हळद 2 ग्रॅम. 40 मिनिटं, उकळी न फुटू देता. खूण: आधी ओला बुडबुड आवाज येतो, पाणी गेलं की आवाज बारीक होत थांबतो आणि तळाची बेरी फिक्या सोनेरी रंगाला येते. बेरी तपकिरी झाली तर कोसेरेत कडवट लागतो. दोन पदरी मलमलीतून गाळलं, 780 ग्रॅम निघालं. लसणाचा कणही मागे राहू द्यायचा नाही. फ्रिजमध्ये.

9 नोव्हेंबर

दोरो वोत. पुढे ढकलायचं नव्हतं; 24 तारखेपासून गेन्नाचा उपवास लागतो, मग कोंबडी, अंडी, नितिर किबे सगळं बंद.

सगळी मेहनत कांद्यात आहे. 1.6 किलोच्या एका कोंबडीला निवडलेला कांदा 2.5 किलो. तिकडे लहान लाल कांदा, कोरडा. इथल्या पिवळ्या कांद्यात पाणी भरपूर. लाल कांदा आणि त्यात 400 ग्रॅम शॅलट (छोटे कांदे) मिसळले. सुरीनेच बारीक चिरायचे. यंत्राच्या पात्याने लगदा होतो, पाणी आधीच सुटतं आणि कांदा परतला न जाता उकडतो, चव उग्र राहते.

जाड बुडाच्या भांड्यात कांदा एकटा. तेल नाही, तूप नाही. मध्यम आच, सतत ढवळणं, लागू लागला तर 2 चमचे गरम पाणी. 70 मिनिटं. तिकडे 50 पुरतात, असं एमाये म्हणते; जादा पाणी हेच कारण. खूण: कांदा भांड्याच्या बुडावरून एका गोळ्याने सरकतो आणि चमच्याने रेघ ओढली तर बुजत नाही. 2.5 किलोचे 800 ग्रॅम उरले.

मग 120 ग्रॅम बर्बेरे, आणखी 15 मिनिटं, चमचा-चमचा पाणी घालत. त्यानंतर 180 ग्रॅम नितिर किबे, 60 लसूण, 30 आलं. मंद आचेवर 40 मिनिटं, कडेला तूप सुटेपर्यंत. बर्बेरे तुपाआधी घालायचा. तुपात थेट टाकलेला तळून काळवंडतो.

कोंबडी सांध्यांवर कापून 12 तुकडे, कातडी काढलेली, लिंबू-मिठाने 3 पाण्यांत धुतलेली. दुकानात सुऱ्याने तोडलेले तुकडे घ्यायचे नाहीत, हाडांच्या किरच्या रश्शात येतात. 35-40 मिनिटं शिजवून वरून अर्धा चमचा मेकेलेशा (शेवटी घालायची मसाल्याची पूड). सोललेल्या उकडलेल्या अंड्यांना उभ्या चिरा देऊन शेवटची 5 मिनिटं.

‘लिजे (बाळा), कांदा ऐक,’ एवढंच एमाये पुन्हा पुन्हा सांगत होती. ध्वनिमुद्रणात कांद्याचा ओला आणि नंतरचा कोरडा आवाज दोन्ही नीट आले आहेत. ती फाईल वहीतल्या या पानाला जोडली.

24 नोव्हेंबर, 15 हिदार

उपवास सुरू. या काळात शिरो: भाजलेल्या हरभऱ्या-वाटाण्याचं मसाला घालून दळलेलं पीठ. आपल्या पिठल्याच्या जवळचं. 100 ग्रॅम शिरो, 650 मिली पाणी, 150 ग्रॅम कांदा, 3 चमचे तेल. पीठ थंड पाण्यात कालवून मग उकळत्या कांद्यात. कोरडं भुरभुरलं तर गुठळ्या. 20 मिनिटांच्या आत उतरवायचं नाही. खूण: वर तेलाचे ठिपके.

1 डिसेंबर

फिदेल. लेक अम्हारिक बोलते, वाचता येत नाही. अम्हारिकसाठी 33 मूळ अक्षरं, प्रत्येकाची 7 रूपं, एकूण 231. रचना मराठी वाचकाला ओळखीची आहे: ल, लु, लि, ला, ले, ल्, लो. फरक असा की काना-मात्रा सगळीकडे एकाच जागी लागत नाहीत. कधी पाय लांबतो, कधी बाजूला रेघ, कधी वर कडं. म्हणून रूपं रांगेने पाठ करण्यापेक्षा डोळ्यांनी पाहून बसवावी लागतात.

तक्त्याची सुरुवात ‘ह’ ने होते, पण शिकवायला ‘ह’ ने सुरू करू नये. या रांगेत पहिलं आणि चौथं रूप दोन्ही ‘हा’ असंच उच्चारतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी नियम मोडल्यासारखा वाटतो. शिवाय ‘ह’ तीन निरनिराळ्या अक्षरांनी लिहितात, ‘स’ दोन. ‘ल’ पासून सुरू केलं, मग ‘म’, ‘ब’, ‘र’, ‘न’. पहिलं वाचन मसाल्यांच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांचं: बर्बेरे, कोरेरिमा, अबिश, बुन्ना (कॉफी). हाताखालून रोज जाणारे शब्द दोन आठवड्यांत बसतात.

8 डिसेंबर

लिपी शिकली तरी उच्चार लिपीत पुरता नाही. एकाच व्यंजनाचं द्वित्व लिहून दाखवत नाहीत: ‘आल’ (तो म्हणाला) आणि ‘आल्ल’ (आहे) एकाच रीतीने लिहितात. ‘बुन्ना’ मधला दुहेरी ‘न’ सुद्धा कागदावर एकच. शिवाय तेफचा ‘त’, कोलोचा (भाजलेल्या धान्याच्या खाऊचा) ‘क’ घसा बंद ठेवून, श्वास न सोडता म्हणायचे. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलता कामा नये. म्हणून वहीतल्या दर शब्दाला एमायेच्या आवाजातली फाईल, दोनदा सावकाश, एकदा वाक्यात.

आणखी एक गोष्ट परदेशी वाढलेल्या मुलांत सर्रास आढळते. घरात मोठी माणसं त्यांना ‘अंची’ (तू, स्त्रीला) किंवा ‘अंत’ (तू, पुरुषाला) म्हणतात, आणि मुलं तेच ऐकून पाहुण्या आजोबांनाही ‘अंत’ म्हणून मोकळी होतात. वडीलधाऱ्यांसाठी ‘एर्स्वो’ आणि त्याची क्रियापदं वेगळी. ती सरावाशिवाय येत नाहीत. एमाये आता आठवड्यातून एक दिवस अनोळखी वृद्धेची भूमिका घेऊन लेकीला ‘एर्स्वो’ने बोलायला लावते. हा भाग मला फार मोलाचा वाटतो. पदार्थ विकत मिळेल. पाहुण्या म्हाताऱ्याशी कसं बोलायचं ते घरातच शिकावं लागतं.

21 डिसेंबर

बुन्ना. 60 ग्रॅम हिरव्या बिया पाण्यात चोळून धुवायच्या, रुपेरी साल निघेपर्यंत. लांब दांड्याच्या तव्यात 10-12 मिनिटं, सतत हलवत. बिया काळसर तपकिरी आणि वर तेलाची चमक आली की धुराचा तवा पाहुण्यांपुढून फिरवायचा. मग खलात कुटून जबनात (मातीची सुरई).

फ्लॅटमध्ये तीन अडचणी. धुराचा अलार्म: तो काढून ठेवायचा नाही, खिडकीपाशी, पंखा बाहेरच्या दिशेने लावून भाजायचं. कोळशाची शेगडी घरात अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे; धुपासाठी (इतान) छोटी विजेची धूपदाणी. आणि जबना काचेच्या सपाट शेगडीवर थेट ठेवला तर तडकतो. खाली लोखंडी जाड ताटली, आच हळूहळू वाढवायची.

एकाच कुटलेल्या कॉफीवर तीन वेळा पाणी: आबोल, तोना, बरका. पहिली दाट, तिसरी पातळ. तिसरी घेतल्याशिवाय उठत नाहीत, म्हणून दोन तास मोकळे ठेवूनच बोलवावं. ओततानाची खूण: जबना तिरका करून 5 मिनिटं निवळू द्यायचा, एका धारेत सगळ्या सिन्या (छोटे कप) भरायच्या. मध्ये सरळ केला की गाळ वर येतो. सोबत फेंदिशा, म्हणजे मक्याच्या लाह्या.

7 जानेवारी 2025, 29 ताहसास 2017

गेन्ना. सगळा स्वयंपाक लेकीने केला, एमाये दुसऱ्या खोलीत. इंजेरा 3 जानेवारीला भिजवला. हिवाळ्यात घर 19 अंशांवर, म्हणून आंबायला 82 तास लागले, पण लेकीने तास पाहिले नाहीत, वरचं पाणी आणि वास पाहिला. दोरो वोतचा कांदा या वेळी जास्त ओला होता. 70 ऐवजी 85 मिनिटं. वहीत तिने स्वतःच्या अक्षरात नवा आकडा घातला, खुणेच्या रकान्याला हात लावला नाही. वहीचा उपयोग असाच व्हायला हवा.

एमायेने चाखून दोन शेरे दिले: मेकेलेशा पाव चमचा कमी, आणि अंड्यांच्या चिरा खोल हव्यात, मसाला आत जात नाही. दोन्ही नोंदवले.

14 जानेवारी

शिल्लक कामं:

इर्शो सुकवून ठेवणं. आंबलेलं पीठ ताटावर कागदाइतकं पातळ पसरून 35 अंशांखाली वाळवायचं, पापुद्रे बरणीत, गोठणकप्प्यात. अर्धे लेकीकडे, अर्धे दुसऱ्या एका घरी.

ध्वनिफायलींची नावं बदलणं. इथियोपियन नावात आडनाव नसतं, मागे वडिलांचं नाव येतं. म्हणून मायलेकींची ‘आडनावं’ वेगळी आणि संगणक त्यांना दोन घरांत टाकतो. फायली पदार्थाच्या नावाने आणि दोन्ही पंचांगांच्या तारखेने लावायच्या.

मोठा उपवास 24 फेब्रुवारीला लागतो, फासिका (ईस्टर) 20 एप्रिलला. त्याआधी नितिर किबेचा एक घाणा.

बर्बेरेची पुढची वाळवणी जुलैत, बाहेरच्या उन्हात. तेव्हा मिरचीचं वजन वाळण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही घ्यायचं.